बेगमपुऱ्यात सुदानची फौज

२२ मार्च १९८५, शुक्रवार. पाडवा

बाबिकरनं कडूनिंबाची पानं मूठभर खाल्ली! आम्ही आपलं गुळाच्या खड्यात दडवून दोन पानं गिळतो आणि तोंड वाकडं करतो. हा चांगला चघळून म्हणतो, "काकू, और है क्या?" हे हसून हसून खोकायला लागले.

दोन वर्षं झाली त्याला आपल्याकडं राहून. लेकीला वैजापूरला दिली, पुढची खोली रिकामी पडली. विद्यापीठातले एक कारकून म्हणाले होते, "बाई, भाडेकरू देतो. सज्जन आहे. बाबिकर." मला वाटलं कोकणातला असेल कुणी—पेडणेकर, बांदेकर, तसा हा बाबिकर. दार उघडलं तर चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच सुदानी! एम.कॉम. करायला आलेला. मी तशीच उभी, हातात पोळपाट.

आता मराठी बरीच समजते. बोलतो मात्र इथली दखनी. "हौ काकू", "नक्को काकू". बेगमपुऱ्यातली पोरंसुद्धा इतकी अस्सल बोलत नाहीत.

काल त्याला दोन पत्रं आली. एक वडलांचं, एक मोठ्या भावाचं, सिद्दीगचं. दोघंही तिकडच्या फौजेत. वडील ब्रिगेडियर, भाऊ नुकताच कॅप्टन झाला. वर्दीतला फोटो आहे. ह्यांनी चष्मा लावून खांद्यावरची चिन्हं तपासली. चोवीस वर्षं सिग्नलमध्ये काढून सुभेदार म्हणून उतरलेला माणूस—दुसरं काय बघणार! "कॉलर नीट न्हाई बसली," म्हणाले. "पर पोरगा कडक हाय."

पुरण छान झालं होतं.

२५ मार्च, सोमवार

चौथीचे पेपर काढले. भूगोलात "सुदानची राजधानी कोणती?" घालायचा मोह आवरला.

२८ मार्च, गुरुवार

तिकडं गडबड झालीय. रेडिओवर दोनच ओळी आल्या—सुदानात भाकरीचे भाव वाढले, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. राष्ट्राध्यक्ष परदेशी गेलेले. मग लगेच शेअरबाजार.

बाबिकर जेवला नाही. वांग्याचं भरीत होतं, त्याच्या आवडीचं, तरी नाही. ओट्यावर बसून राहिला. मी बसले शेजारी. हळूहळू सांगितलं त्यानं. अशी गडबड झाली की वडलांची तुकडी खार्तूमला नाईलच्या पुलावर लावतात. पूल ओलांडला की सरकारी कचेऱ्या. म्हणजे मोर्चा आला तर वडलांसमोरच येणार.

"और भाई?"

भाऊ शहराबाहेरच्या छावणीत. रणगाड्यांवर.

"मग काळजी कसली? दोघं एकाच फौजेत तर आहेत."

तो माझ्याकडं बघत राहिला. "येईच तो डर है, काकू."

२९ मार्च, शुक्रवार

आज घराचं तारऑफिस झालं! ह्यांनी सकाळी उठून गुढीचा बांबू गच्चीवर नेला, तांब्याची तार काढली कुठून तरी ट्रंकेतून, आणि बांबूपासून शेजाऱ्यांच्या नळाच्या पायपापर्यंत ताणली. वर बसून ओरडतात, "अजून डावीकडं! डावीकडं म्हणलं की!" बाबिकर खाली रेडिओचा कान पिळतोय. शेजारच्या भागूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काय सुभेदार, ह्या वयात पतंग?"

साडेदहाला लागलं. खरखर, शिट्ट्या, आणि मधेच स्वच्छ अरबी. बाबिकरनं रेडिओच उचलून छातीशी धरला. "काका! बीबीसी! अरबी!"

हे गच्चीवरून उतरले ते जनरलसारखे.

३० मार्च, शनिवार. रामनवमी

आज दुपारी अकरा सुदानी आमच्या अंगणात. शहरात तीसेक आहेत म्हणे, त्यातले अकरा रेडिओपायी आमच्याकडं. मी सुंठवडा दिला. त्यांनी लाल फुलांचा आंबट चहा केला—आपल्या अंबाडीच्या फुलांची बहीणच!

मग भांडण पेटलं. बाबिकरला मुंबईहून आलेल्या एका मित्रानं सिद्दीगचं दुसरं पत्र आणून दिलं होतं. पोस्टानं नाही, हातोहात. त्यात लिहिलंय—आम्ही काही तरुण अफसरांनी ठरवलंय, लोकांवर गोळी चालवायची नाही. वरच्यांनी ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर सरकारच बदलू. आणि शेवटी एक ओळ—"अब्बांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते शपथेचे माणूस आहेत."

ताजस्सिर म्हणून एक पोरगा आहे, तिकडच्या सरकारच्या वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, शिकतो. तो ताडकन उठला. हे बंड आहे, सिद्दीग फासावर जाईल, म्हणाला. बाबिकरनं त्याची गचांडी धरली. दोघं एकाच खोलीत अभ्यास करणारे! मी मधे पडले, कपबश्या फुटल्या.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "त्यो ताज बोलला ते खरं हाय. फौजीनं हुकूम मानायचा. बास. आपल्या वरच्याइरुद्ध गेला तो गद्दार."

बाबिकर समोरच होता! मी म्हणलं, "भुकेल्या माणसांना गोळ्या घालायचा हुकूमसुद्धा?"

"हुकूम म्हंजी हुकूम."

मी ताट त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

१ एप्रिल, सोमवार

घरात दोन पार्ट्या. हे ब्रिगेडियरच्या पार्टीत, मी कॅप्टनच्या. माझ्याशी बोलत नाहीत. बाबिकरला मधे घेऊन निरोप—"कॅप्टनच्या पार्टीला इचार, च्या मिळंल का?" मी पण सांगितलं, "ब्रिगेडियरला सांग, हुकूम वरून आला तरच मिळेल." बिचारा बाबिकर! इकडून तिकडं जाताना पहिल्यांदा हसला, चार दिवसांत.

सकाळी बानाबाई दूध घालायला आली. पडेगावकडची धनगरीण, शेळ्या-मेंढ्या बाळगते. बाबिकरवर तिचा फार जीव. त्याच्या आजोबांचे उंट होते, शेळीचे दात बघून वय सांगतो, म्हणून. तिनं विचारलं, "ह्ये लेकरू का सुकलं, बाई?" मी सगळं सांगितलं. तिनं दुधाचं माप तसंच हातात धरलं.

"बाई, कुत्रं कशाला पाळत्यात? मेंढरं राखायला. मालकानं छू केलं म्हून ते मेंढरालाच चावलं, तर त्याला कुत्रं म्हनायचं का लांडगा?"

हे आत पेपर वाचत होते. पेपर खाली आला, परत वर गेला.

संध्याकाळी बाबिकरनं हळूच विचारलं त्यांना. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. "काका, लासूर के बाजार में लोगां जमा हैं. आपके गांव के. आप उधर बंदूक लेके खडे. हुकूम आ गया. क्या करते?"

हे उठून गच्चीवर गेले. तार सैल झाली होती म्हणे. तार काही सैल झाली नव्हती.

३ एप्रिल, बुधवार

आज जे ऐकलं ते नीट लिहून ठेवते.

शाळेतून आले तर हे अंगणात बाबिकरला घेऊन बसलेले. मला म्हणाले, "तू बी बस." दोन दिवसांनी थेट बोलले!

पोलीस ॲक्शनच्या वेळेस हे अठरा वर्षांचे. निजामाच्या फौजेत, इथंच छावणीत. उर्दूत चौथी झालेली म्हणून वायरलेसवर बसवलेलं. हे मला ठाऊक होतं. तीस वर्षांच्या संसारात एवढंच ठाऊक होतं.

सप्टेंबर अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानची फौज अगदी जवळ आलेली. ह्यांच्या तुकडीवर कॅप्टन हशमत म्हणून होते. त्यांचा एक मेजर म्हणत होता, शहरात मोर्चे बांधू, गल्लीगल्लीत लढू. कॅप्टन म्हणत होते, गल्लीत आपलेच लोक राहतात. सकाळी वायरलेसवर हुकूम आला. हे कानाला लावून बसलेले—लढा, मागं हटू नका. ह्यांनी लिहून घेतला. कॅप्टन पाठीशी येऊन उभे. कागद वाचला. मग सेटचं बटण बंद केलं आणि ह्यांना नाव घेऊन विचारलं, "काकासाहब, तुमने कुछ सुना?"

हे म्हणाले, "मी म्हणलं, नहीं साब. सेट खराब है. कुछ नहीं सुना."

कॅप्टननं कागद चुलीत घातला आणि तुकडीला हत्यारं ठेवायला सांगितली. संध्याकाळपर्यंत सगळं शांत. एक खिडकीसुद्धा फुटली नाही, म्हणाले.

"मंग मी इकडल्या फौजेत भरती झालो. चोवीस साल. एक हुकूम चुकवला न्हाई कधी. का म्हाइत हाय? पैलाच चुकवलेला व्हता म्हून."

मग बाबिकर म्हणाला, "काका, तुम भी कॅप्टन के पार्टी के निकले!"

हे आधी चिडले, मग फस्सकन हसले. मी डोळे पुसत चहा टाकायला उठले. सदतीस वर्षं पोटात ठेवलं ह्या माणसानं! बटाटे कितीला आणले तेसुद्धा दोनदा सांगणारा माणूस!

४ एप्रिल, गुरुवार

तिकडं सगळं बंद. डॉक्टर, वकील, रेल्वे, वीज—सगळ्यांचा संप. टेलिफोन तोडलेत.

५ एप्रिल, शुक्रवार. हनुमान जयंती

हे पहाटे आंघोळ करून मारुतीला गेले. नारळ फोडला. पुजाऱ्यानं विचारलं, "कुणाच्या नावानं?" हे म्हणाले, "सिद्दीग. सुदान." पुजाऱ्यानं गोत्र विचारलं. हे म्हणाले, "फौजी."

प्रसादाचं खोबरं बाबिकरनं एकट्यानं संपवलं. जेवायला लागलाय हे बरं.

६ एप्रिल, शनिवार

झालं! झालं! झालं!

अक्षर कसं येतंय बघायला नको.

सकाळची शाळा करून साडेबाराला घरी आले. गल्लीच्या तोंडाशीच आरडाओरडा. मला वाटलं कुठं आग लागली. पळत आले तर अंगणात वीसेक पोरं रेडिओभोवती, रेडिओ तुळशीच्या कट्ट्यावर. फौजी बँड वाजत होता. मग एक जाड आवाज अरबीत बोलायला लागला. पोरांच्या तोंडाकडं बघून मी अर्थ लावत होते. बाबिकर एकेक वाक्य हळू सांगत होता, अर्धं ह्यांना, अर्धं स्वतःलाच—"फौज... फौज अवाम के साथ... सरकार बरखास्त... अवाम को हकूमत वापस करेंगे..."

मग काय झालं ते सांगता येत नाही. सगळे एकदम उसळले. कुणी जमिनीवर डोकं टेकलं, कुणी रडायला लागलं, बाबिकरनं ह्यांना उचललं—खरंच उचललं, धोतरासकट!—आणि अंगणात फिरवलं. "अरं सोड, कंबर जाईल!" हे ओरडतात आणि हसतात. भागूबाई भिंतीवर. बानाबाई कळशी ठेवून टाळ्या पिटतेय, "काय झालं ते कुनी सांगा तर!" मी म्हणलं, "कुत्र्यानं मेंढरं राखली, बाना!" ती ओरडली, "आस्सं!"

हे गुलमंडीला गेले आणि दोन किलो इमरती घेऊन आले. दोन किलो! पेन्शन आल्यासारखे.

ताजस्सिर आला चारच्या सुमारास. फाटकाशीच उभा राहिला, आत येईना. बाबिकर गेला, त्याच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं आता परत गचांडी धरतो. त्यानं अर्धी इमरती तोडून ताजच्या तोंडात कोंबली. पाकानं दाढी चिकट झाली त्याची. दोघं गळ्यात पडून लेकरांसारखे रडले. ताज म्हणत होता—बाबिकरनं मला नंतर सांगितलं—"मला वजिफा जाईल ही भीती होती. फक्त भीती. मनानं मी तुझ्याकडंच होतो."

किती जण असे असतील! फौजेतसुद्धा!

७ एप्रिल, रविवार

आनंदाला आज जरा गालबोट लागलं. एक पोरगा बातमी घेऊन आला—काही जुन्या अफसरांना पकडलंय. काही ब्रिगेडियर आहेत त्यात. नावं नाहीत.

बाबिकर दिवसभर नखं खातोय. आता भाऊ जिंकलेल्या बाजूला आणि वडील? भावानंच वडलांना पकडलं असेल तर? त्यानं बोलून नाही दाखवलं. दाखवायची गरज नव्हती.

हे म्हणाले, "उद्या ट्रंककॉल लावू."

८ एप्रिल, सोमवार

मी रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं कारण लिहिलं—"पोटदुखी". तिघं तारऑफिसात दहापासून बसलो. लाइन मुंबईपर्यंत जाते, मग अडते. हे सिग्नलवाले, त्यांना राहवेना. खिडकीतून ऑपरेटरबाईंना सल्ले. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बसता का इथं?" हे म्हणाले, "बसतो की!"

पावणेतीनला पुकारलं—"खार्तूम, खार्तूम बोला!"

बाबिकर खोक्यात शिरला. काचेतून दिसत होता. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला. आधी ओरडला, मग ऐकलं, मग एकदम खाली बसला. नुसतं डोकं दिसत होतं. ह्यांनी माझा दंड धरला, भर तारऑफिसात!

दार उघडून बाहेर आला. गालावरून पाणी, आणि तोंडभर हसू.

"दोनों घर पे हैं. खाना खा रहे थे."

सिद्दीगशीच बोलणं झालं, जेमतेम तीन मिनिटं. वडलांना कुणी पकडलेलं नाही. उलट सिद्दीग म्हणाला, बुधवारीच, फौजेनं रेडिओवर सांगायच्या तीन दिवस आधी, अब्बांनी पुलावर सगळ्या शिपायांच्या बंदुकीतून गोळ्या काढायला लावल्या आणि मोर्चाला वाट दिली. पूल मोकळा. वरून दोनदा हुकूम आला, त्यांनी मानला नाही. ते बघून दुसऱ्या तुकड्या वळल्या. सिद्दीगच्या छावणीला तर नंतर कळलं!

का केलं, कसं केलं, तेवढ्यात लाइन तुटली. पत्रात लिहीन म्हणाला.

रिक्षात हे आणि मी भांडत आलो. हे म्हणतात, "बघ, ब्रिगेडियरच शेर निघाला! अनुभव असतो." मी म्हणते, "लेकानं आतून समजावलं असणार. त्याशिवाय शपथेचा माणूस हलतो होय?" रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "मॅडम, किसका लडका है?" दोघंही एकदम म्हणालो, "हमारा!"

बाबिकर बाहेर बघत होता. पाणचक्कीजवळ त्यानं माझा हात घेऊन कपाळाला लावला.

१३ एप्रिल, शनिवार

चौथीचा निकाल लावला. एक पोरगी नापास होत होती, दोन मार्क वाढवले. हुकूम नव्हता!

बाबिकरनं नवीन शर्ट शिवून आणला. तिकडं निवडणुका व्हायच्यात, तोवर परीक्षा देऊन टाकतो म्हणतोय. रात्रंदिवस अभ्यास चाललाय. ताजस्सिर आता इथंच असतो. दोघांना मिळून सात भाकरी लागतात. बानाबाईनं परवा शेळीचा चीक आणला, खरवस केला. हे अजून रोज म्हणतात, "ब्रिगेडियरचीच अक्कल." मी रोज म्हणते, "कॅप्टनची."

२० एप्रिल, शनिवार

सिद्दीगचं पत्र आलं. बाबिकर ओट्यावर वाचायला बसला. हे आणि मी समोर, कोण जिंकलं ते ऐकायला. अर्ध्यात तो थांबला, परत पहिल्यापासून वाचलं, आणि मग सांगितलं.

बापानं एकट्यानं ठरवलं नव्हतं. लेकानंही समजावलं नव्हतं. त्या बुधवारी पुलावर मोर्चा आला, तेव्हा सगळ्यात पुढं एक बाई होती, पांढऱ्या लुगड्यात. ब्रिगेडियरची बायको. बाबिकरची आई. रोखलेल्या बंदुकांच्या दहा पावलांवर आली, नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि सगळ्या शिपायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आठ दिवस झाले. घरी जेवायला कधी येताय?"

एक शिपाई हसला. मग दुसरा. मग ब्रिगेडियर.

इतके दिवस बापाची पार्टी, लेकाची पार्टी करून भांडलो. तिसरी पार्टी आहे हे ह्यांच्या ध्यानात आलं नाही, ते समजू शकते. पण माझ्या?

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "नाव काय रे तुझ्या आईचं?"

"नफीसा."